पाचावर धारण

त्या घरात एक माणूस हसायला लागला की बाकीच्या दोघी घाबरायच्या. हसणारा म्हणजे लिफ्टचा मेकॅनिक, आणि घाबरणाऱ्या दोघी म्हणजे त्याची बायको आणि त्याची आई. साधं हसू असेल तर चालून जायचं. पण हसता हसता तो गुणगुणायला लागला, गुणगुणता गुणगुणता मोठ्याने गायला लागला, की सासूबाई स्वयंपाकघरातून सुनेकडे बघायच्या आणि सून कॅलेंडरकडे बघायची. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, काय तऱ्हेवाईक घर आहे, माणसाला सुखाने गाऊही देत नाहीत.

पण कारणही तसंच होतं. सहा वर्षांपूर्वी हा माणूस असाच गायला लागला होता. आधी न्हाणीघरात, मग जिन्यात, मग लिफ्टच्या छपरावर उभा राहून. झोप दोन तासांवर आली, आणि दोन तास झोपून तो असा ताजातवाना उठायचा की बघणाऱ्यालाच जांभया याव्यात. तोंडाचा पट्टा अखंड सुरू. एका इमारतीच्या लिफ्टमध्ये त्याने स्वतःच्या घरातली खुर्ची नेऊन ठेवली, आरसा लावला आणि दिवसभर आत उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला मजल्यापर्यंत सोडायला लागला. एका आजींना त्याने वचन दिलं की पुढच्या महिन्यात लिफ्ट आडवीसुद्धा चालवतो, म्हणजे शेजारणीकडे जायला पायात चप्पल घालायला नको. आजी खूश. सगळेच खूश. पहिले आठ दिवस तो सगळ्यांना आवडला, आणि या दुखण्याचं सगळ्यात वाईट तेच असतं. घरच्यांनी शंका काढली तर लोक म्हणायचे, अहो, आनंदी माणूस बघवत नाही का तुम्हाला?

दुसऱ्या आठवड्यात तो सांगायला लागला की शहरातल्या सगळ्या लिफ्ट त्याच्या आज्ञेची वाट बघत थांबल्या आहेत. मग एकदा चौकात उभा राहून त्याने समोरच्या इमारतींना हुकूम सोडायला सुरुवात केली. त्या दिवशी बायकोने एक गोष्ट केली. ती त्याला म्हणाली, "हॉस्पिटलची लिफ्ट अडकलीय, माणसं आत आहेत, तुलाच बोलावलंय." तो हत्यारांची पिशवी घेऊन धावतच निघाला. टॅक्सीत तिला धीर देत राहिला, "काळजी करू नकोस, मी आहे ना." हॉस्पिटलच्या दारातून तो आत गेला आणि दोन दणकट माणसांनी मागून दार लावलं.

औषधांनी तो उतरला, नुसता उतरला नाही तर पार तळाला गेला, पुढचे काही महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, आणि मग हळूहळू सावरला. पण तीन महिने तो बायकोशी एक शब्द बोलला नाही. मग बोलला तो एवढंच, "पुन्हा मला फसवून कुठे नेऊ नकोस." तिने शब्द दिला. आणि ती शब्दाला जागणारी बाई होती.

इथे या दोघांबद्दल थोडं सांगायला हवं. ती बांधकामाचं काँक्रीट तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. अर्धवट उभ्या इमारतींवर जाऊन ती काँक्रीटचे नमुने घ्यायची, आणि अशाच एका इमारतीत तो लिफ्ट बसवत असताना दोघांची गाठ पडली. तिने पहिल्याच दिवशी त्याला "ए, बाजूला हो, पाय पडेल तुझा नमुन्यात" म्हणून झापलं होतं, ते अरे-तुरे लग्नानंतरही तसंच राहिलं. सासूबाईंनी वर्षभर नाक मुरडलं आणि मग सोडून दिलं. त्यांच्या मते मुलाला ताब्यात ठेवायला असलीच बायको हवी होती.

मजल्यांची युक्ती त्याचीच. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की बायपोलर म्हणजे मन वर जाणार, खाली येणार, रोज कुठे आहे ते लिहून ठेवत जा. तो म्हणाला, "वर-खाली करणारं यंत्र मला शिकवू नका." दहा मजल्यांची इमारत धरायची. पाचवा मजला म्हणजे बरं, नेहमीचं. सातच्या वर गेलं की मेनिया जवळ आला, तिसऱ्याच्या खाली गेलं की डिप्रेशन. रोज सकाळी आणि संध्याकाळी ती विचारणार, "कितवा?" तो सांगणार, ती कॅलेंडरच्या चौकोनात लिहिणार. लागोपाठ तीन दिवस सातच्या वर किंवा तीनच्या खाली आकडा आला तरच डॉक्टरीणबाईंना फोन, आणि तोही दोघांनी मिळून. हा करार झाला तेव्हा दोघेही हसले होते, साधं हसू.

डॉक्टरीणबाईंना ती युक्ती आवडली. फक्त त्यांनी जाता जाता सांगितलं होतं, "एक लक्षात ठेवा. मेनिया प्रत्येक वेळी हसराच येतो असं नाही. काहींचा तो नुसता चिडका असतो, गाणं नाही, हसणं नाही, नुसती आग. आणि काहींच्या बाबतीत अंगात जोर मेनियाचा आणि मनात काळोख डिप्रेशनचा, दोन्ही एकाच वेळी. तो सगळ्यात धोक्याचा." दोघांनी माना डोलावल्या. तिला त्या वेळी गोळ्यांनी हात थरथरतात त्याबद्दल विचारायचं होतं, तो विषय निघाला आणि हे राहून गेलं. माणूस एकदा ज्या दाराने चोर आला त्याच दाराला कडी लावतो. त्यांनी हसण्यावर पहारा ठेवला.

पाच-साडेपाच वर्षं बरी गेली. मग या वर्षी एका सोमवारी ती उठली तर तो आधीच उठलेला होता. स्वयंपाकघरातली सगळी फडताळं रिकामी करून त्याने बिजागऱ्या काढल्या होत्या आणि जमिनीवर ओळीने मांडल्या होत्या.

"हे काय चाललंय?"

"कुरकुरतात. सगळं घर कुरकुरतंय, तुम्हाला ऐकू येत नाही? रोज ऐकतोय मी. दार, खिडकी, आईचा पलंग, तुझी ती खुर्ची, सगळं. कोणीच काही करत नाही, मग मलाच करावं लागतं, दुसरं कोण करणार, आणि आता मध्ये उभी राहू नकोस, उजेड अडतो."

हे सगळं एका दमात. ती मनात म्हणाली, नऊ. तिने विचारलं, "कितवा?" तोही म्हणाला, "नऊ." पण तो हसत नव्हता. कपाळाला आठी, ओठ घट्ट, डोळे लाल. सासूबाई बाहेर आल्या, त्यांनी बिजागऱ्यांची रांग बघितली आणि सुनेला हळूच विचारलं, "गातोय का?"

"नाही."

"मग काही नाही. झोप झाली नसेल. त्याचा बापही असाच खेकसायचा."

संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा तो पलंगाच्या कडेला बसला होता. बिजागऱ्या होत्या तिथेच होत्या, एकही परत बसवलेली नव्हती. गुडघा हलत होता, हातांची बोटं एकमेकांत अडकत-सुटत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणाला, "तुमच्या गळ्यात धोंड आहे मी. तुझं सगळं आयुष्य खाल्लं." ती त्याच्याजवळ बसली. तिने विचारलं, "कितवा?" तो म्हणाला, "पहिला."

कॅलेंडरचा चौकोन लहान होता. रोज दोन आकडे त्यात मावायचे नाहीत, म्हणून तिने पहिल्या वर्षापासून सकाळ-संध्याकाळची सरासरी लिहायची पद्धत ठेवली होती. आठवड्याचे सहा दिवस प्रयोगशाळेत तिचं कामच ते होतं. सकाळी नऊ, संध्याकाळी एक. बेरीज दहा, भागिले दोन. तिने पाच लिहिला.

आता कोणी म्हणेल, एवढी शहाणी बाई आणि एवढं कळू नये? तर कळण्याचा आणि शहाणपणाचा संबंध लोक समजतात तितका नसतो. पाच हा आकडा लिहिताना तिच्या जिवाला बरं वाटलं, हे खरं आहे. तिला वाटलं, सकाळचा राग आणि संध्याकाळचं रडू यांनी एकमेकांना फेडून टाकलं.

मंगळवारी तो दाराची घंटा वाजली म्हणून शेजाऱ्याच्या अंगावर धावून गेला. बुधवारी जेवता जेवता उठला, ताट तसंच ठेवून दोन तास चालत राहिला, परत आला आणि म्हणाला, रस्त्यावरचे सगळे लोक फार सावकाश चालतात, मुद्दाम. गुरुवारी त्याने एक मोठी वही आणली आणि लिफ्टच्या कंपनीला पत्र लिहायला घेतलं. पत्रात आधी सुरक्षेच्या त्रुटी होत्या, मग कामावरच्या जोडीदारांच्या चुका, मग स्वतःच्या चुका, आणि मग पानंच्या पानं नुसत्या स्वतःच्याच चुका, अगदी शाळेत कोणाचं पेन मोडलं होतं तिथपर्यंत. लिहिताना त्याचा हात मनाला पुरत नव्हता. वाक्यं अर्धी टाकून तो पुढच्यावर उडी मारायचा, आणि वही मिटून म्हणायचा, "डोक्यात दहा जण एकदम बोलतायत आणि दहाही जण मला शिव्या देतायत."

झोप म्हणावी तर चार तासही नव्हती. आधीच्या वेळी न झोपता तो फुललेला असायचा. आता तो न झोपताही थकत नव्हता, पण थकता येत नाही याचाच त्याला वैताग आला होता. गोळ्या मात्र वेळच्या वेळी घ्यायचा. ती समोर उभी राहायची, तो गोळी तोंडात टाकायचा, तोंड उघडून दाखवायचा आणि म्हणायचा, "झालं समाधान?"

घरात कोणाचंच मन थाऱ्यावर राहिलं नाही. भांड्यावर भांडं आपटलं तरी तो उसळायचा, म्हणून सासूबाई भांडी फडक्यात गुंडाळून ठेवायला लागल्या. ती चपला हातात घेऊन घरात शिरायची. त्याने चार विषय काढले की ती पाचव्याची वाट बघत बसायची, त्याचा पाय हलायचा तसा तिचाही हलायला लागला. तरी दर संध्याकाळी आकडा एक-दोनच्या आसपास, सकाळी आठ-नऊच्या आसपास. सरासरी पाच. साडेचार. पाच. एका शुक्रवारी साडेपाच. लागोपाठ तीन दिवस सातच्या वर कधी गेलाच नाही, तीनच्या खाली कधी आलाच नाही. करार पाळायचा तर फोन करायचं कारणच नव्हतं.

एकदा तिने न राहवून म्हटलं, "डॉक्टरांना एकदा विचारूया का?"

तो गर्रकन वळला. "किती आलाय आकडा?"

"पाच."

"मग करार काय आहे? का पुन्हा कुठली लिफ्ट अडकलीय?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, हसत नाही तोवर कसली चिंता करतेस." आणि तिने ते धरून ठेवलं, कारण धरण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

सोळाव्या दिवशी सकाळी तो कामाला निघाला तेव्हा तिने नेहमीप्रमाणे विचारलं, "कितवा?" तो दारात बुटाची नाडी बांधत होता, बांधत होता आणि सोडत होता. वर न बघता म्हणाला, "लिही तुला काय लिहायचंय ते." आणि गेला. तिने चौकोन मोकळा ठेवला. तेवढ्या मोकळ्या चौकोनाने तिला दिवसभर चैन पडू दिलं नाही. बसमध्ये ती उभीच राहिली, जागा असून.

प्रयोगशाळेत त्या दिवशी एका नव्या इमारतीच्या काँक्रीटचे क्यूब फोडायचे होते. क्यूब म्हणजे वीतभर रुंदीचे काँक्रीटचे ठोकळे. इमारतीत जे काँक्रीट ओततात त्यातलंच थोडं साच्यात भरायचं, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचं, मग यंत्रात घालून दाबायचं आणि किती दाबाला फुटतो ते बघायचं. एका नमुन्याचे तीन ठोकळे, तिघांची सरासरी. या काँक्रीटला पंचवीस यायला हवे होते. इमारतीचा सुपरवायझर स्वतः येऊन उभा होता, कारण पुढचा मजला टाकायची त्याला घाई झाली होती.

पहिला ठोकळा तेहेतीसला फुटला. सुपरवायझर खूश होऊन म्हणाला, "बघा, दगड आहे दगड." दुसरा सतराला भुगा झाला. तिसरा पंचवीसला गेला.

सुपरवायझरने मोबाइलवर बोटं नाचवली. "तेहेतीस, सतरा, पंचवीस. पंच्याहत्तर भागिले तीन. पंचवीस बरोबर. पास. लिहा मॅडम."

"नाही लिहिता येत."

"का? सरासरी बरोबर आहे की."

"सरासरी बरोबर आहे. पण आकडे एकमेकांपासून इतके लांब गेले की सरासरी धरायचीच नसते." ती हे वाक्य वर्षातून पन्नास वेळा बोलायची, त्यामुळे तिचं लक्षही नव्हतं, ती फडक्याने यंत्राखालचा भुगा गोळा करत होती. "पंधरा टक्क्यांहून जास्त फरक पडला की नमुना बाद. कुठेतरी काँक्रीटच बिघडलंय. तुम्ही त्याचा पंचवीस केलात म्हणून ते पंचवीसचं होत नाही. तिथे वर माणसं राहायला येणार आहेत, आणि तुम्ही मला सांगताय, तेहेतीसने सतराला..."

फडकं तिच्या हातात तसंच राहिलं.

"फेडलं," असं ती म्हणणार होती. ते तोंडातून बाहेर पडलं नाही. नऊ आणि एक. नऊ आणि एक. आठ आणि दोन. सोळा दिवस. पंधरा टक्के सोडा, इथे नऊपट फरक होता, आणि तिने रोज तो पाच म्हणून पास केला होता. एखाद्या नवशिक्याने केलं असतं तर तिने त्याला दारातून बाहेर काढलं असतं. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते तिला त्या यंत्रासमोर कळलं. अंगात जोर मेनियाचा आणि मनात काळोख डिप्रेशनचा, दोन्ही एकाच वेळी. डॉक्टरीणबाईंचा आवाजसुद्धा आठवला.

"मॅडम, काय झालं?" सुपरवायझर म्हणाला. "राहू द्या, नाही लिहायचं तर नका लिहू, चेहरा कशाला असा करताय?"

तिने पर्स उचलली आणि बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला. बंद. मग त्याच्या जोडीदाराला लावला. हा जोडीदार वयाने मोठा, सगळी कंपनी त्याला मामा म्हणायची. लिफ्टच्या कामाला नेहमी दोघे जायचे, एकट्याने जायचंच नाही असा नियम.

"मामा, तो तुमच्याजवळ आहे ना?"

"जवळ कसला," मामा म्हणाले. "मी खाली बसलोय. हाकललं मला. म्हणाला, तुझा श्वास फार मोठ्याने वाजतो. आता मी काय श्वास घेणं सोडू? वर गेलाय, मशीन-रूममध्ये, चौदाव्या मजल्याच्या वर. मी मेन स्विच पाडून त्याला माझं कुलूप घातलंय. जोडीदार नाही तर लिफ्ट हलणार नाही, मग तो कितीही चिडू दे."

"कसा आहे तो?"

"चिडकाच आहे गं, पंधरा दिवस झाले. पण हसत नव्हता, म्हणून मीही काही बोललो नाही तुला."

"मामा, वर जा. त्याच्याजवळ जा. बोलू नका, नुसते दारात बसा. शिव्या दिल्या तरी उठायचं नाही."

मामांनी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांच्या धापांचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

टॅक्सीतून तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला. करार मोडला होता. नऊ आणि एक, सोळा दिवस, एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "एकटं सोडू नका. अजिबात नाही. आजच, आत्ताच घेऊन या. मी थांबते." टॅक्सी सिग्नलला थांबली की ती दाराच्या कडीवर हात ठेवायची, जणू उतरून ढकलली तर लवकर पोचेल. ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "बाई, लाल दिवा आहे, मी काय करू?"

लिफ्ट बंद, त्यामुळे चौदा मजले जिना. सातव्यावर तिच्या बरगडीत चमक मारली, दहाव्यावर तिने चपला काढून हातात घेतल्या. वरच्या लोखंडी शिडीच्या पायथ्याशी मामा बसले होते, गच्चीचं दार पाठीशी बंद करून. तिला बघून त्यांनी हाताने फक्त वर खूण केली. त्यांच्या हनुवटीला एक ताजा ओरखडा होता आणि त्याबद्दल ते पुढे कधी काही बोलले नाहीत.

मशीन-रूम म्हणजे एक तापलेली कोंदट खोली. मधोमध मोटर, तिच्यावरून खाली शाफ्टमध्ये उतरणारे जाड दोर. तो येरझारा घालत होता, तीन पावलं इकडे, तीन पावलं तिकडे, तेवढीच जागा होती. जमिनीवर नट, बोल्ट, वॉशर लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावलेले. भिंतीवर खडूने वाक्यं, एकावर एक, वाचता न येणारी. गाल ओले होते आणि त्याचं त्याला भान नव्हतं.

"तूही आलीस. छान. आता आईलाही बोलाव. शेजाऱ्याला बोलाव. सगळ्यांसमोर विचार, कितवा, कितवा, कितवा. विचार ना."

"नाही विचारत."

"का? करार आहे. आज लिहायचं राहिलंय. चौकोन मोकळा आहे."

"चौकोन गेला उडत. मी चुकीचं लिहीत होते. मी तुझी सरासरी काढत होते. सरासरी नाही काढायची. मला दोन्ही सांग."

तो थांबला. पाय थांबले, हात थांबले नाहीत. "दोन्ही काय?"

"वर किती आणि खाली किती. आत्ता, या घटकेला, दोन्ही."

बराच वेळ तो तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत राहिला. मग म्हणाला, "दहा." आणि जरा वेळाने, "आणि तळ. तळाच्या खाली. खड्डा. दोन्हीकडे मीच आहे. मला कोणीतरी मधून फाडतंय. मी आज इथे कामाला नाही आलो."

तिला ते समजलं. तिच्या मनात कितीतरी गोष्टी आल्या, रडणं आलं, ओरडणं आलं, मिठी मारणं आलं. अडकलेल्या लिफ्टची गोष्टही जिभेच्या टोकावर आली, कारण ती एकदा कामाला आली होती. तिने ती गिळली.

"मी डॉक्टरांना फोन केलाय," ती म्हणाली. "तुला न विचारता. खाली टॅक्सी आहे. आपण हॉस्पिटलला जातोय, आणि बहुतेक ते तुला ठेवून घेतील. कुठलीही लिफ्ट अडकलेली नाही. तू नाही म्हणालास तर मी इथेच बसेन, मामा तिथे बसतील, आणि आम्ही उठणार नाही."

तो तिच्यावर ओरडला. काय काय बोलला ते तिने नंतर कोणाला सांगितलं नाही. ती जमिनीवर बसली, वॉशरच्या रांगेला धक्का न लावता. त्याने आणखी चाळीस-पन्नास येरझारा घातल्या असतील. मग मध्येच, चालता चालता, तो शिडीकडे वळला.

चौदा मजले ते जिन्याने उतरले. पुढे मामा, मध्ये तो, मागे ती, तिच्या मुठीत त्याच्या शर्टाची बाही. प्रत्येक मजल्यावर तो परत फिरायला बघायचा, खोली उघडी राहिली, दोरांना ग्रीस लावायचं राहिलं, पत्रातलं एक पान राहिलं. तोंड क्षणभर बंद नव्हतं. टॅक्सीतही तेच. ती फक्त ऐकत होती. आकडा लावायची सवय दात आवळून तिने दाबून ठेवली होती.

डॉक्टरीणबाई खरंच थांबल्या होत्या. त्यांनी त्याला तपासलं, रक्त घ्यायला सांगितलं आणि सरळ सांगितलं, "हा मेनियाच आहे. तुमचा मागचा हसरा होता, हा मिश्र आहे. यात माणसाकडे मरायचा विचार असतो आणि तो पार पाडायची ताकदही असते, म्हणून आज तुम्ही घरी जाणार नाही." तो म्हणाला, "दार लावून घेणार असाल तर माझ्यासमोर लावा." त्या म्हणाल्या, "तुमच्यासमोरच लावू." मग त्याने कागदावर स्वतः सही केली, इतक्या जोरात की खालचा कागदही फाटला.

"हे नेमकं कधीपासून आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि सवयीने तिच्याकडे बघितलं. दर महिन्याला उत्तरं तीच द्यायची.

ती म्हणाली, "मला आज कळलं."

"सोळा दिवस," तो म्हणाला. गुडघा हलत होता, नजर टेबलावर. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी हिला सांगितलंही, सकाळी नऊ, संध्याकाळी एक. मग पाणी प्यायला उठायचो तेव्हा कॅलेंडर बघायचो. पाच. दुसऱ्या दिवशी पाच. रोज पाच. मी म्हटलं, हिला सगळं दिसतंय, हिचे डोळे काय फुटलेत का, पण हिला आता पाचच हवाय. हिला थकवा आलाय माझा. मग कशाला आणखी बोलायचं?"

तिला म्हणायचं होतं, अरे, मला दिसलंच नाही. तोंडही उघडलं होतं. पण ते खरं नव्हतं, आणि या माणसाशी खोटं बोलायची तिची एक वेळ होऊन गेली होती.

"दिसत होतं," ती म्हणाली. "मला पाचच हवा होता."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं, आणि सोळा दिवसांत पहिल्यांदाच तो मिनिटभर काही बोलला नाही.